कोरणारा एक, रंगवणारा दुसरा

२७ जुलै १६०९ रोजी पोप पाचवे पॉल यांनी इग्नेशियस लोयोला यांना ‘धन्य’, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवरचे, म्हणून जाहीर केले आणि स्पेनमधल्या सेव्हिल शहरातल्या जेझुइट पाद्र्यांची धांदल उडाली. आपल्या संस्थापकाचा सोहळा थाटात करायचा, तर मूर्ती हवी. नेहमीच्या संतांसारखी ती केवळ कल्पनेवर घडवून चालणार नव्हते. पीटर किंवा पॉल कसे दिसत होते हे कोणालाच माहीत नव्हते. इग्नेशियस यांना जाऊन मात्र जेमतेम त्रेपन्न वर्षे झाली होती. १५५६ साली रोममध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा चेहऱ्याचा साचा घेऊन ठेवलेला होता. पाद्र्यांना हवे होते ते एका खऱ्या माणसाच्या तोंडवळ्याशी जुळणारे मस्तक.

हे काम दोघांकडे गेले. हुआन मार्टिनेझ मॉन्टान्येस याने लाकडात डोके आणि हात कोरले. फ्रान्सिस्को पाचेको याने ते तैलरंगात रंगवले. १६१० साली मूर्ती तयार झाली. डोके आणि हात सोडले, तर बाकीचे शरीर म्हणजे सरस लावून ताठ केलेल्या कापडाचा काळा झगा. त्यामुळे पाहणाऱ्याची नजर दुसरीकडे कुठे रेंगाळतच नाही. टकलाकडे झुकलेले भव्य कपाळ, आत गेलेले गाल, विरळ दाढी, आणि त्यावर मृत्यूच्या साच्यात नसलेली एक गोष्ट : जिवंत कातडीचा रंग. मूर्ती आजही सेव्हिलच्या अनुन्सियासिऑन चर्चमध्ये आहे. पाचेकोने पुढे आपल्या ग्रंथात लिहिले की, या संताच्या जेवढ्या प्रतिमा झाल्या त्या सगळ्यांहून ही सरस आहे, कारण ती खरोखर जिवंत वाटते. स्वतःच्या कामाची अशी तारीफ एरवी खटकली असती. या मस्तकापुढे उभे राहिल्यावर ती खटकत नाही.

साचा मेलेल्या माणसाचा, लाकूड निर्जीव. मग जीव आला कुठून? काही मॉन्टान्येसच्या छिन्नीतून, आणि निदान तितकाच पाचेकोच्या कुंचल्यातून. तरीही गेली चारशे वर्षे पहिल्याचे नाव मूर्तीला चिकटून राहिले आणि दुसऱ्याचे पुसट होत गेले. सेव्हिलमध्ये कोरलेले मस्तक रंगवायला माणसे कशी शिकत, याचा इतिहास सांगायचा तर तो या पुसट झालेल्या निम्म्या कर्त्याचाच इतिहास आहे.

हे काम एकाच माणसाने का केले नाही, याचे उत्तर कायद्यात सापडते. सेव्हिलमध्ये लाकूड कोरणारे सुतारांच्या संघात मोडत आणि रंगवणारे चित्रकारांच्या. चित्रकारांच्या संघाचे नियम पंधराव्या शतकापासूनचे. १५२७ साली ते शहराच्या छापील नियमावलीत आले. संघात पुन्हा पोटभेद होते : प्रतिमा रंगवणारे वेगळे, सोन्याचा मुलामा देणारे वेगळे, भिंती आणि कापड रंगवणारे वेगळे. ज्या शाखेची परीक्षा दिली, त्याच शाखेचे काम करता येई. मूर्तिकार लाकूड कोरून ‘पांढरे’, म्हणजे बिनरंगाचे, हवाली करी आणि तिथे त्याचा अधिकार संपे. बिनरंगाची मूर्ती अपुरीच समजली जाई. रंगकामाचा करार अनेकदा वेगळा होई, आणि त्याची रक्कम कोरण्याच्या रकमेइतकी, कधी तिच्याहून जास्तही असे. सोने महाग होतेच. पण कुशल हातही स्वस्त नव्हता.

हा हात तयार व्हायला वर्षे लागत. पोरगा दहा-बारा वर्षांचा झाला की बाप त्याला उस्तादाच्या घरी आणून सोडी. लेखी करार होई : इतकी वर्षे पोराने घरात राहून पडेल ते काम करायचे, उस्तादाने त्याला खायला-प्यायला आणि कपडालत्ता द्यायचा आणि हातचे काही न राखता विद्या शिकवायची. १६११ मध्ये पाचेकोच्या घरी असाच एक मुलगा सहा वर्षांच्या करारावर आला. त्याचे नाव दिएगो वेलाझ्केझ. १६१६ मध्ये दुसरा आला, आलोन्सो कानो. एकाच घरातून स्पेनचा सर्वांत मोठा चित्रकार निघावा आणि चित्र व मूर्ती दोन्हींत सारखाच वाकबगार असा दुसरा कलावंतही निघावा, हे त्या घरातल्या शिकवणीबद्दल पुरेसे सांगून जाते.

शिकवणीची सुरुवात चेहऱ्यापासून होत नसे; ती होई सरसापासून. हातमोजे शिवणाऱ्यांकडून कातड्याची कात्रणे आणायची, शिजवायची, गाळायची. लाकडावरचा पहिला हात या सरसाचा, त्यात लसूण घातलेला. लसणामुळे लाकडाच्या राळेवर थर नीट धरतो, हा जुन्या कारागिरांचा अनुभव. गाठी आणि सांध्यांवर सुती किंवा तागाच्या पट्ट्या चिकटवायच्या, नाहीतर लाकूड हलले की नेमकी गालावरून चीर जाते. मग सरसात कालवलेले जिप्सम : आधी जाडे, मग बारीक. हातावर हात द्यायचे, प्रत्येक हात वाळू द्यायचा, शेवटी सगळे घासून गुळगुळीत करायचे. वरचा रंग उठायचा तो या पांढऱ्या अस्तरावर.

खरी परीक्षा इथेच होती. अस्तर जाड झाले की मूर्तिकाराने जीव ओतून कोरलेली पापणीची कड बुजते, नाकपुड्या भरतात, ओठांची रेघ बोथट होते. पातळ झाले तर लाकडाचे तंतू दिसतात आणि तेल आत शोषले जाऊन रंगावर डाग पडतात. अस्तर देणाऱ्या पोराच्या हातात मॉन्टान्येससारख्याचे महिनोन् महिन्यांचे काम असे, आणि एका आळशी दुपारी ते मातीमोल करणे त्याला सहज शक्य होते. म्हणून शहाणा मूर्तिकार आपली मूर्ती कोणाच्या हाती जाणार याबाबत फार काटेकोर राही. मॉन्टान्येस आणि पाचेको ही जोडी वर्षानुवर्षे टिकली, त्यामागे हा विश्वास होता.

अस्तरानंतर कातडीचा रंग. या कामाला स्पॅनिशमध्ये ‘एन्कार्नासिऑन’ म्हणतात. सफेदा, हिंगूळ, पिवळी माती, गेरू, थोडा काळा आणि जवसाचे किंवा अक्रोडाचे तेल : सामान इतकेच. एवढ्यातून तरुण बाईचा गाल, म्हाताऱ्या तपस्व्याचे कपाळ आणि क्रुसावर मरणाऱ्या देहाचा निळसर पांढुरकेपणा काढायचा.

इथे सेव्हिलमध्ये दोन पंथ होते. जुना पंथ चकाकीचा. गुळगुळीत अस्तरावर तैलरंग देऊन तो ओलसर कातड्याने किंवा जनावराच्या मूत्राशयाच्या पातळ पडद्याने घोटत राहायचे, कुंचल्याचा माग नाहीसा होईपर्यंत थांबायचे नाही. शेवटी चेहरा चिनी मातीसारखा लखलखतो. गिऱ्हाइकांना हे आवडे. टिकाऊही असे, पुसायलाही सोपे. दुसरा पंथ बिनचकाकीचा, आणि त्याचा मोठा पुरस्कर्ता पाचेको. त्याला घोटलेल्या चेहऱ्यांची मनस्वी चीड होती. झिलईच्या ताटल्या, असे तो त्यांना म्हणे.

ही नुसती आवडीनिवडीची गोष्ट नव्हती. मूर्ती देवळात असते, समोर मेणबत्त्या. चकाकत्या चेहऱ्यावर प्रत्येक ज्योतीचा एक पांढरा ठिपका उमटतो, पाहणारा हलला की तो ठिपकाही सरकतो, आणि मूर्तिकाराने कोरलेला गालाचा उतार त्या ठिपक्यांत हरवून जातो. बिनचकाकीचा रंग उजेड सगळीकडे सारखा पसरवतो; उतार उतारासारखा दिसतो. दुसरे कारण रंगवणाऱ्याच्या सोयीचे. घोटलेल्या रंगावर पुन्हा हात फिरवता येत नाही. बिनचकाकीच्या रंगावर मात्र चित्रफलकाप्रमाणे दहा वेळा परत येता येते. छटा जुळवता येतात, चुकलेले सुधारता येते. म्हणजे ज्याला खरोखर रंगवता येते, त्यालाच या पद्धतीत वाव आहे. घोटाईत मेहनत दिसते. इथे नजर लागते. पाचेकोचे पारडे जड होते ते या दुसऱ्या मुद्द्यावर.

या पद्धतीची त्याने नोंदवलेली तारीखही आपल्याकडे आहे. फ्रँकोनिओ नावाच्या चांदीकामगाराने १५९७ मध्ये रोमहून मायकेलअँजेलोच्या नमुन्यावरचा समजला जाणारा कांस्याचा छोटा क्रूसावरचा ख्रिस्त सेव्हिलला आणला. त्यात दोन पाय एकावर एक ठेवून एकच खिळा मारण्याऐवजी दोन्ही पायांना स्वतंत्र खिळे होते, एकूण चार. त्याची ओतीव प्रत पाचेकोने १७ जानेवारी १६०० रोजी बिनचकाकीच्या रंगात रंगवली. तीन वर्षांनी, १६०३ मध्ये, मातेओ वास्केझ दे लेका या धर्माधिकाऱ्याने मॉन्टान्येसला मोठा ख्रिस्त कोरायला सांगितला, तेव्हा चार खिळ्यांची हीच ठेवण त्यात उतरली. करारातली एक अट विलक्षण आहे. ख्रिस्त मेलेला नको, जिवंत हवा. पायाशी बसून प्रार्थना करणाऱ्याकडे तो पाहतो आहे आणि आपल्या दुःखाबद्दल त्याच्याशीच बोलतो आहे, असे वाटले पाहिजे. मॉन्टान्येसचीही इच्छा त्याच कराराच्या निमित्ताने नोंदली गेली : हे काम समुद्रापार अमेरिकेत न जाता स्पेनमध्ये राहावे. तेव्हा सेव्हिलहून जहाजे भरभरून मूर्ती तिकडे जात होत्या. त्याची इच्छा पुरी झाली. मूर्ती सेव्हिलच्या मुख्य चर्चमध्ये आहे. रंग अर्थात पाचेकोचा.

आता चेहरा नेमका रंगवायचा कसा? सपाट फलकावर चित्रकार सावली रंगवून नाक पुढे आणतो. कोरलेल्या मस्तकाला नाक आधीच आहे, आणि त्याची सावलीही देवळातला उजेड पाडतोच. शिकाऊ पोर नेहमी तिथेच फसते : फलकावरची सवय घेऊन नाकाच्या बाजूला गडद पट्टा ओढते, आणि खरी सावली नि रंगवलेली सावली एकमेकींशी भांडू लागतात. रंगवणाऱ्याने आकार सांगायचा नसतो, कातडी सांगायची असते. गालावर आणि नाकाच्या शेंड्यावर रक्त जवळ असते, तिथे हिंगूळ. कानशिलाची कातडी पातळ, तिथे किंचित निळसर थंडपणा. डोळ्यांखाली जागरणाचा तपकिरी ओलावा. पापणीच्या कडेला लालसर रेघ. केस कोरलेले असतात, पण लाकडातले केस कपाळाशी एकदम संपतात. तिथे बारीक कुंचल्याने एकेक केस कातडीवर उतरवायचा, म्हणजे डोईला टोपी घातल्यासारखे दिसत नाही. दाढी केलेल्या हनुवटीवर खुंटांचा राखाडी पडदा. आणि सगळे बिनचकाकीचे झाल्यावर फक्त डोळ्यांवर अंड्याच्या पांढऱ्याचे रोगण. साऱ्या चेहऱ्यात ओले काय असते? डोळे. म्हणून चमक तिथेच. पाचेकोने ही सूचना लिहून ठेवली आहे, आणि तिच्यामागची समज मोठी आहे.

हे शिकून झाले की परीक्षा. १४ मार्च १६१७ रोजी वेलाझ्केझ संघाच्या परीक्षकांसमोर उतरला. परीक्षक दोन, त्यांपैकी एक खुद्द पाचेको. मिळालेल्या परवान्यात त्याचा दर्जा लिहिला आहे : प्रतिमांचा आणि तैलरंगाचा उस्ताद. दुकान थाटावे, शागीर्द ठेवावेत, राज्यात कुठेही काम करावे. पुढच्याच वर्षी पाचेकोने आपली मुलगी हुआना त्याला दिली. वेलाझ्केझच्या सेव्हिलमधल्या चित्रांत चेहरे इतके घट्ट, हाताला लागतील असे का वाटतात, याचे उत्तर या शाळेत शोधायला हवे. १६२० मध्ये त्याने रंगवलेली वृद्ध जोगीण हेरोनिमा दे ला फुएन्ते पाहा. तिची हनुवटी आणि पापण्या छिन्नीने काढल्यासारख्या आहेत. फ्रान्सिस्को दे झुर्बारानने १६२७ मध्ये काढलेला, आज शिकागोत असलेला क्रूसावरचा ख्रिस्त सेव्हिलच्या मठातल्या अंधाऱ्या जागी टांगलेला होता; तो पाहून लोक मूर्तीच समजत, असे अठराव्या शतकातला लेखक पालोमिनो लिहून गेला आहे. मूर्ती रंगवण्याच्या कामाला दुय्यम मानणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की स्पॅनिश चित्रकलेचे सुवर्णयुग या कामाच्या फार जवळ वाढले.

दुय्यम मानण्याची सुरुवात मात्र त्याच काळात, त्याच शहरात झाली. १६२१ च्या सुमारास मॉन्टान्येसने सांता क्लारा मठाच्या वेदीचे सगळेच काम, कोरणे आणि रंगवणे धरून, स्वतःच्या अंगावर घेतले आणि रंगकाम पुढे दुसऱ्याला दिले. पाचेको भडकला. १६२२ मध्ये त्याने चित्रकारांना उद्देशून एक पुस्तिकाच काढली. मूर्तिकाराने चित्रकाराचा ठेका घ्यावा आणि त्याला उरलेसुरले द्यावे, हे त्याला मान्य नव्हते. शिवाय मूर्तीची उणीव रंग झाकतो, तिला जीव रंग देतो, अशी त्याची बाजू होती. पैशाचा वाद होताच, पण मानाचाही होता. तरी १६२४ मध्ये, फ्रान्सिस्को बोर्हा यांना ‘धन्य’ पद मिळाले तेव्हा, जेझुइटांसाठी त्यांची मूर्ती केली ती पुन्हा याच दोघांनी. भांडणाहून काम मोठे ठरले.

पुढची पिढी या कुंपणावरून उडी मारून गेली. कानो स्वतः कोरी आणि स्वतः रंगवी. ग्रानादाच्या चर्चमध्ये त्याची १६५५-५६ मधली कुमारी मेरी आहे, लहानशी, तिचा चेहरा म्हणजे नुसता श्वास. तिथेच त्याचा सहकारी झालेला पेद्रो दे मेना काचेचे डोळे आणि खऱ्या केसांच्या पापण्या वापरू लागला. लुईसा रोल्दान या बाईला १६९२ मध्ये राजदरबारी मूर्तिकाराचे पद मिळाले; तिच्या मूर्ती बहुधा तिचा दीर रंगवी.

मग वारे फिरले. अठराव्या शतकात युरोपातल्या विद्वानांना संगमरवराचा पांढरेपणाच उच्च वाटू लागला. १७७७ मध्ये स्पेनच्या राजानेच लाकडी वेद्यांऐवजी दगड वापरण्याचा हुकूम काढला. रंगीत मूर्ती म्हणजे भाबड्या लोकांचा शौक, हा समज तेव्हा रुजला. गंमत अशी की ज्या ग्रीकांच्या नावाने हे चालले होते, तेही मूर्ती रंगवत. रोमन लेखक प्लिनी सांगतो, प्रॅक्सिटिलिसला विचारले की तुझ्या कोणत्या मूर्ती तुला सर्वांत आवडतात, तेव्हा त्याने उत्तर दिले : निकियासने ज्यांना हात लावला त्या. निकियास चित्रकार होता. मूर्तिकारांतल्या एवढ्या मोठ्या माणसाने रंगवणाऱ्याला दिलेली ही दाद दोन हजारांहून अधिक वर्षांनीही ताजी आहे.

२००९ मध्ये लंडनच्या नॅशनल गॅलरीने सतराव्या शतकातली स्पॅनिश चित्रे आणि रंगीत मूर्ती प्रथमच शेजारी-शेजारी मांडल्या. त्यात मॉन्टान्येस आणि पाचेको या जोडीचे कामही होते. वेलाझ्केझने साधारण १६३५ मध्ये काढलेले मॉन्टान्येसचे चित्रही या गोष्टीत हवेच. ते माद्रिदच्या प्रादोत आहे. फ्लॉरेन्सच्या पिएत्रो ताक्काला राजा चौथा फिलिप याचा अश्वारूढ पुतळा ओतायचा होता. त्यासाठी राजाचे मस्तक मातीत घडवायला मॉन्टान्येसला माद्रिदला बोलावले होते. चित्रात मूर्तिकाराचा चेहरा पूर्ण रंगवलेला आहे, आणि त्याच्या हाताखालचे राजाचे मस्तक नुसत्या रेघांत, कॅनव्हासचा पोत दिसेल इतके मोकळे सोडलेले. पाचेको १६४४ मध्ये गेला. त्याचा ‘आर्ते दे ला पिंतुरा’ हा ग्रंथ १६४९ मध्ये छापून आला. त्याच वर्षी सेव्हिलला प्लेगने गाठले आणि मॉन्टान्येस त्यात दगावला.

या परंपरेचा एक धागा आपल्या दारापर्यंत येतो. जुन्या गोव्याचे बॉम जेझू चर्च १६०५ मध्ये पुरे झाले, मॉन्टान्येस तो ख्रिस्त कोरत होता त्याच काळात. त्याच्या सोनेरी मुख्य वेदीवर मध्यभागी उभे आहेत ते इग्नेशियस लोयोलाच. बाजूच्या दालनात फ्रान्सिस झेवियर यांचे शव. १६२२ मध्ये दोघांनाही एकाच दिवशी संतपद मिळाले. गोव्यात लाकडाच्या आणि हस्तिदंताच्या अशा असंख्य रंगीत मूर्ती घडल्या. १५६७ च्या गोव्यातल्या धर्मपरिषदेने ख्रिस्ती नसलेल्या कारागिरांना असे काम करायला मनाई केली होती. म्हणजे ते करत होते, एवढे त्यातून उघड होते. त्यांतल्या रंगवणाऱ्यांची नावे आज कोणी सांगत नाही. सांता मोनिका मठातल्या ख्रिस्ती कलेच्या संग्रहालयात त्यांची कामे काचेमागे उभी आहेत.

पुढच्या वेळी तिथे जाल तेव्हा घाई करू नका. एका मूर्तीपुढे पाच मिनिटे थांबा. केस कपाळाला कुठे भेटतात ते पाहा, पापणीची कड पाहा, चमक फक्त डोळ्यांत आहे की सगळ्या चेहऱ्यावर ते पाहा. नंतरच्या कोणी तेलकट रंगाचा जाड हात मारलेला असेल, तर तोही ओळखू येईल. आणि आपल्या देवळांत, चर्चमध्ये, घरात जुनी रंगीत मूर्ती असेल, तर ती ‘उजळवायला’ देण्याआधी जाणकार जतनतज्ज्ञाला दाखवा. वरचा मळकट थर दिसतो तो कदाचित एखाद्या निनावी उस्तादाचा मूळ हात असेल, आणि तो एकदा खरवडला की परत आणता येत नाही.